सातातून तीन वजा

नव्वदचं दशक संपत आलं होतं. इंटरनेट असलेला आणि बाहेरच्या माणसाला वापरू दिला जाणारा एकच संगणक तेव्हा बारामतीत माझ्या माहितीचा होता. एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर कापडाचं दुकान होतं आणि त्याच्या वरच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तो ठेवलेला होता. त्याच्यासमोर मी एका दुपारी पुरस्काराचा परीक्षक म्हणून बसलो. निकाल लागल्यापासून तासाभराच्या आत मला परीक्षकांच्या यादीतून काढण्यात आलं. दोन्ही घटनांची नोंद इथे करतो.

परदेशात स्थायिक झालेल्या, मूळच्या आमच्या जिल्ह्यातल्या काही मंडळींनी हा पुरस्कार सुरू केला होता. गावात राहून गावाच्या उपयोगी पडणाऱ्या माणसाला ढाल किंवा रोख रक्कम न देता त्याच्या कामाला लागणारी वस्तू द्यायची, अशी कल्पना होती. बारामती आणि इंदापूर मिळून एक विभाग, विभागाला एक पुरस्कार आणि तीन परीक्षक. परीक्षकांनी एकमेकांना भेटायचं नाही. प्रत्येकाने आपापल्या घरून संगणकावर गुण भरायचे, सरासरी संगणक काढणार. त्यांच्याकडून आलेल्या पत्रात ‘आपापल्या घरून’ असंच लिहिलं होतं. पत्र लिहिणारा राहत होता तिथे घरोघरी संगणक असावेत.

माझं नाव आमच्या संपादकांनी सुचवलं. मी एका दैनिकाचा बारामतीचा बातमीदार होतो. त्या वर्षी एकाच बातमीवरून तालुक्यातल्या दोन्ही गटांनी माझी तक्रार केली होती, त्यामुळे मी निःपक्ष असल्याचा लेखी पुरावा कार्यालयात उपलब्ध होता. दुसरे परीक्षक इंदापूरचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. तिसरे कळंबचे तात्या. त्यांनी उभी नोकरी दूध संकलन केंद्रावर फॅट तपासण्यात घालवली होती. भेसळ ओळखणारा माणूस म्हणून त्यांचं नाव पुढे आलं.

तिघांपैकी एकालाही टाइप करता येत नव्हतं. मी बातम्या हाताने लिहून फॅक्स करत असे. त्यामुळे तिघांचेही गुप्त गुण क्लास चालवणाऱ्या मॅडमच भरणार होत्या. त्यांनी तिघांना तीन वेळा दिल्या. गुरुजींना अकरा, तात्यांना एक आणि मला तीन. तात्या अकरालाच आले. गुरुजींची परतीची गाडी साडेपाचची होती, म्हणून ते काम झाल्यावर तिथेच थांबले आणि तात्या त्यांच्या सोबतीला. मी तीन वाजता जिना चढून गेलो तेव्हा एकमेकांना न भेटण्याचं बंधन असलेले दोघेही परीक्षक मागच्या बाकावर शेजारी बसून एकाच कपातला चहा निम्मा निम्मा पीत होते.

“या संपादक,” तात्या म्हणाले.

“मी संपादक नाही, तात्या. बातमीदार.”

“व्हाल की, कुठं पळून चाललंय. बसा. पर एक हाय, आमी काय बोलणार न्हाय. गुरुजींनी हाताची घडी घालून बसवलंय मला.”

“गुण सांगायचे नाहीत एवढंच म्हटलं,” गुरुजी म्हणाले. “बाकी बोला की.”

“बाकी काय बोलायचं? सकाळपासनं तुमी तुमच्या संधिवाताचं सांगताय, मी माझ्या. दोघांचाबी येकच गुडघा.”

मॅडमनी मागे न बघता “शांतता” असं म्हटलं. क्लासमधल्या मुलींना त्या याच आवाजात बोलत असाव्यात. दोघेही लगेच गप्प झाले.

सात नामांकनं होती. त्यांच्या छापील प्रती आठवड्यापूर्वी पोस्टाने आल्या होत्या आणि तिघांनी त्या घरी वाचल्या होत्या. प्रत्येकाची पद्धत वेगळी होती, हे मला नंतर कळलं. गुरुजींनी लाल शाईने वाचलं होतं. मराठीच्या पेपरात दहापैकी सहाच्या वर गुण त्यांनी उभ्या नोकरीत दिलेले नव्हते. सातापासून पुढचे गुण ज्यांनी भाषा घडवली त्यांच्यासाठी राखून ठेवावेत, असं त्यांचं मत होतं. तात्यांच्या हाताखालून निरनिराळ्या गोठ्यांचं दूध गेलेलं होतं. म्हशीच्या दुधाला सहा, साडेसहा फॅट लागलं तर ते उत्तम. त्याच्यापेक्षा फारच जास्त लागलं की तात्या किटलीकडे न बघता किटली आणणाऱ्याकडे बघत. “नऊ लागलं म्हंजी म्हस चांगली न्हाय, माणूस हुशार,” असं ते म्हणत. नामांकनांनाही त्यांनी हाच नियम लावला होता. मॅडमना त्यांनी दशांश चिन्ह टाकायला सांगितलं. संगणकाने ते घेतलं नाही, तेव्हा त्यांनी संगणकाचं यंत्र जुनं असल्याचा शेरा दिला.

माझी पद्धत वार्ताहराची होती. मी आधी सगळी विशेषणं खोडली आणि उरलं त्याला गुण दिले. एका सरपंचांचं नामांकन अडीच पानी होतं. विशेषणं खोडल्यावर त्यात नाव, गाव आणि ‘यांनी’ एवढं शिल्लक राहिलं. लोणी देवकरच्या कारखान्यातल्या एका कामगाराने फाटकाबाहेर कडुलिंब लावले होते. ते काम खरं होतं, पण निम्मे शेळ्यांनी खाल्ल्याचं नामांकन देणाऱ्यानेच प्रामाणिकपणे लिहिलं होतं. त्याला मी पाच ठरवले.

सहावं नामांकन पळसदेवचं होतं. शाळेतल्या शिक्षकाने ते लिहिलं होतं आणि ते फक्त सात ओळींचं होतं. खोडायला विशेषण सापडलं नाही. उजनी धरणाच्या फुगवट्यापलीकडच्या वस्तीवरची मुलं एक बाई रोज होडीने शाळेत आणते आणि परत नेते. सहा वर्षं झाली. खाडा नाही. मुलांकडून भाडं घेत नाही. वल्ह्याच्या तालावर पाढे म्हणून घेते, एका खेपेत दोनापासून पंधरापर्यंत होतात. आता तिचा उजवा खांदा उचलत नाही. होडीला इंजिन मिळालं तर काम चालेल, नाहीतर दिवाळीनंतर ती थांबेल. वस्ती ते शाळा रस्त्याने चौदा किलोमीटर आहे.

म्हणजे आम्ही तिघं जे गुण देणार होतो त्यावर एक इंजिन अवलंबून होतं आणि त्या इंजिनावर वस्तीवरच्या मुलांची शाळा. पत्रात आणखी एक अट होती. ज्याची सरासरी सहा किंवा अधिक येईल तोच पात्र. विभागात कोणीच पात्र झालं नाही, तर पुरस्कार शेजारच्या विभागातल्या दुसऱ्या क्रमांकाला जाईल.

प्रत्येक नामांकनाआधी संगणक दोन प्रश्न विचारत होता. इंग्रजी वाचून मॅडम मराठीत सांगत.

“उमेदवार नात्यातला आहे का?”

“नाही.”

“उमेदवाराकडून कधी काही लाभ घेतलाय का?”

“नाही.”

पाच वेळा हे सरळ झालं. सहाव्या वेळी पहिल्या प्रश्नाला मी लगेच ‘नाही’ म्हटलं. दुसऱ्याला थोडा वेळ लागला. मॅडमचं बोट माउसवर थांबलं.

“नाही,” मी म्हटलं.

दोन वर्षांपूर्वी, एप्रिलच्या अखेरीस, पळसदेवला पाण्यातलं जुनं देऊळ उघडं पडायला लागल्याची बातमी करायला मी गेलो होतो. शाळा सकाळची होती. दुपारी बारा वाजता एक बाई मुलांना घेऊन परत निघाली होती, तिने मला होडीत घेतलं. वाटेत मुलांनी पाढे म्हटले. तिने मला देवळाच्या चौथऱ्यावर उतरवलं, मुलांना पलीकडे सोडलं आणि परत माझ्यासाठी आली. मी पैसे काढले.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “पयल्या खेपंला पाव्हणा. दुसऱ्या खेपंला गिऱ्हाईक.”

हा त्या काठावरचा रिवाज होता, नवख्या माणसाकडून कोणताही होडीवाला भाडं घेत नव्हता. मग तिने फडक्यातली भाकरी सोडली. तिच्यावर तळलेली एक चिलापी होती. निम्मी भाकरी आणि अख्खा मासा तिने माझ्या हातावर ठेवला. मी उपाशी होतो. खाल्लं.

परीक्षक म्हणून आता हे सांगायला हवं होतं. पण सांगितलं की कारण लिहावं लागणार, आणि बातमीदाराने फुकट जेवण घेतल्याची नोंद समुद्रापलीकडे होणार. लाभ दडवणाऱ्याला यादीतून काढून शिफारस करणाऱ्याला कळवू, हेही पत्रात होतं. मी दुसरा मार्ग काढला. नामांकनाला माझ्या मते सात गुण होते. त्यातून एक भाड्याचा आणि दोन भाकरी-चिलापीचे वजा केले. शिक्षा मीच करून घेतली, आता जाहीर करण्यासारखं काही उरलं नाही, असं मला वाटलं. निःपक्षपातीपणाचा एवढा चोख हिशेब मी आधी कधी केला नव्हता.

“चार,” मी म्हटलं.

मॅडम खोकल्या. त्यांनी आधीच्या दोघांचे गुण भरले होते, पण बोलायची परवानगी त्यांना नव्हती.

“चार?” त्यांनी विचारलं. “टू, थ्री, फोर मधला फोर?”

“हो.”

“नक्की? मग बदलता येत नाही.”

“नक्की.”

सातवं नामांकन उरकलं. मॅडमनी पाठवायचं बटण दाबलं. तिसऱ्या परीक्षकाचे गुण आले की निकाल लगेच उघडेल अशी व्यवस्था होती. पान वरून खाली, पडदा सोडावा तसं हळूहळू उतरत आलं. गुरुजी आणि तात्या बाकावरून उठून मागे येऊन उभे राहिले. सात नावं, प्रत्येकासमोर तीन आकडे आणि शेवटी सरासरी. पळसदेवच्या होडीवालीसमोर सहा, सहा आणि चार होते. सरासरी पाच पूर्णांक तेहतीस. सगळ्यात वर तीच होती, पण खाली लाल अक्षरांत एक ओळ आली.

“काय म्हनतंय?” तात्यांनी विचारलं.

“या विभागात कोणीही पात्र नाही,” मॅडम म्हणाल्या.

गुरुजींनी चष्मा पुसला. “मी सहा दिलेत,” ते म्हणाले. “बोर्डात आलेल्या मुलाला मी साडेपाच दिले होते.”

“मीबी सा दिलं. निर्भेळ माल हुता. फॅट, डिग्री, समदं जागच्या जागी. मग ह्यो चार कुनाचा?”

मॅडम पडद्याकडे बघत राहिल्या, आणि पडद्याकडे न बघणारा तिथे मी एकटाच होतो.

“तुमचा व्हय?” तात्या म्हणाले. “संपादक, काय कमी पडलं तुमाला? पानी लागलं का त्यात?”

“पाणी नाही लागलं.”

“मग?”

मी सांगितलं. सगळं, क्रमाने सांगितलं. चौथरा, रिवाज, निम्मी भाकरी, वजाबाकी. बातमी सांगताना मी जो आवाज वापरतो तोच वापरला. संपल्यावर तात्यांनी विचारलं,

“मासा कुठला हुता?”

“चिलापी.”

“चिलापी! आवं, चिलापीला कुनी लाभ म्हनतं व्हय? ती मांजरं खात्यात. मरळ असती तर मी समजून घेतलं आसतं.”

“प्रश्न माशाच्या जातीचा नाही तात्या,” गुरुजी म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “तुम्ही पेपर तपासताना विद्यार्थ्याच्या आईने चहा दिला म्हणून गुण कापलेत. मी छत्तीस वर्षं चहा प्यालो. कापायचे तर सगळं इंदापूर नापास करावं लागलं असतं.”

“आन त्या बातमीत काय लिवलं हुतं तुमी?” तात्यांचं संपलं नव्हतं. “मी वाचलीय ती. ‘चौथऱ्यापतुर होडीनं जाता येतं.’ होडी काय आपोआप जाती व्हय?”

हे वाक्य माझंच होतं. तात्यांनी ते दोन वर्षं लक्षात ठेवलं होतं. बातमीत देवळाच्या दगडांची मापं होती, कोरीव कामाचं वर्णन होतं. वल्हं मारणारं कोणी नव्हतं.

तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, “इथे खाली बारीक अक्षरात काहीतरी आहे.”

आम्ही तिघे पुढे वाकलो, पण तिघांचेही चष्मे जवळचे नव्हते. मॅडमनी वाचलं. निकालानंतर, पण मुदत संपण्याआधी, एखाद्या परीक्षकाने उमेदवाराकडून लाभ घेतल्याचं स्वतःहून कळवलं, तर त्या उमेदवाराला त्याने दिलेले गुण रद्द होतील. सरासरी उरलेल्या दोघांची धरली जाईल. मुदत पाच वाजता संपत होती. भिंतीवरच्या घड्याळात चार पंचवीस झाले होते.

गुरुजींनी गणित तोंडी केलं. “सहा आणि सहा बारा. भागिले दोन, सहा. सहा किंवा अधिक. उत्तीर्ण.”

तिघेही माझ्याकडे बघायला लागले.

“यादीतून नाव जाईल,” मी म्हटलं. “संपादकांना पत्र जाईल.”

“तिचा खांदा जाईल,” मॅडम म्हणाल्या. परवानगी नसताना त्या दिवशी त्या एवढंच बोलल्या.

मी खुर्ची पुढे ओढली. त्याच क्षणी वीज गेली. गुरुवार होता, भारनियमनाचं वेळापत्रक माझ्याच दैनिकात छापून आलेलं होतं. संगणक बॅटरीवर चालू राहिला आणि बॅटरी दर पाच सेकंदांनी टुक टुक करायला लागली. मॅडमच्या मते ती पंधरा मिनिटं पुरत असे. फॉर्म उघडेपर्यंत त्यातली चार गेली.

“लाभाचं स्वरूप,” मॅडमनी वाचलं.

“एका खेपेचं भाडं माफ. निम्मी ज्वारीची भाकरी. एक मासा.”

मॅडम इंग्रजीत टाइप करू लागल्या. “भाकरीला काय लिहू?”

“ब्रेड लिवा,” तात्या म्हणाले.

“ब्रेड नको,” गुरुजी म्हणाले. “त्या लोकांना वाटेल, पाव दिला. भाकरीच लिहा. त्यांची आई करत असेलच की.”

“आधी का जाहीर केलं नाही?” हा पुढचा रकाना होता.

“लाजेपोटी,” मी म्हटलं. मॅडमनी त्यासाठी शब्द शोधला आणि टाइप केला. मी तो तपासला नाही.

बटण दाबलं आणि लाइन तुटली. खालच्या मजल्यावर, दुकानात, त्याच लाइनचा दुसरा फोन होता. तो कोणीतरी उचलला होता. तात्या गुडघ्याची तक्रार विसरून जिना उतरले. त्यांचा आवाज वरपर्यंत आला: “शेठ, ठेवा तो फोन! वर येका बाईचं इंजिन आडकलंय!” शेठनी इतक्या घाईने फोन ठेवला की त्याचा आवाजही वर ऐकू आला. मॅडमनी परत जोडलं. मोडेमने नेहमीसारखं शिट्ट्या-खरखरीचं गाणं म्हटलं. पहिल्यांदा लाइन लागली नाही, दुसऱ्यांदाही लागली नाही. तिसऱ्यांदा लागली. बॅटरीचं टुकटुकणं सलग व्हायला लागलं तेव्हा पान उघडलं.

होडीवालीच्या नावासमोर सहा, सहा आणि एक आडवी रेघ होती. सरासरी सहा. पुढे हिरवी खूण. तिच्या खालच्या ओळीत माझ्या सेवेबद्दल आभार मानून माझं नाव यादीतून काढल्याचं कळवलेलं होतं. यंत्राने दोन्ही कामं एकाच वेळी केली. मग पडदा काळा झाला.

“पास झाली,” गुरुजी म्हणाले आणि पिशवी उचलून गाडी पकडायला निघाले. दारातून परत आले. “आणि तुम्हीही. काठावर.”

संपादकांना पत्र मिळालं. त्यांनी मला पुण्याला बोलावून घेतलं. मी राजीनामा खिशात घालून गेलो होतो. त्यांनी एकच प्रश्न विचारला: “तो मासा बातमीत का नव्हता?” राजीनामा खिशातच परत आला.

इंजिन गौरी-गणपतीच्या आसपास आलं. त्याची बातमी मला करता येत नव्हती, माझा संबंध जाहीर झालेला होता. म्हणून मी सुट्टी काढून, स्वतःच्या पैशाने, पळसदेवला गेलो. पाणी चढलेलं होतं. देऊळ पूर्ण बुडालेलं होतं. होडीवालीने मला ओळखलं.

“दुसरी खेप हाय,” ती म्हणाली आणि हात पुढे केला. मी भाडं दिलं. तिने ते कनवटीला लावलं आणि इंजिनाची दोरी डाव्या हाताने ओढली.

होडी निघाली. मुलं दोनापासून सुरू झाली. इंजिनाच्या आवाजात ऐकू जावं म्हणून ओरडूनच म्हणत होती. वेग जास्त होता. मुलं नवाच्या पाढ्यात होती आणि पलीकडचा काठ अगदी जवळ दिसायला लागला होता. तेवढ्यात तिने इंजिन बंद केलं. होडी पाण्यावर तशीच तरंगत राहिली.

“काय झालं? बिघडलं का?” मी विचारलं.

“न्हाय. पंधराचा व्हायचाय अजून. मास्तरांनी तक्रार केली, इंजिन आल्यापासनं पोरं नवाच्या फुडं जात न्हाईत.”

“मग इंजिनाचा उपयोग काय?”

“खांद्याला इसावा,” ती म्हणाली. “डोक्याला कशाला पायजे?”

दहा, अकरा, बारा. शांत पाण्यावर पाढे नीट ऐकू येत होते. तेराच्या पाढ्यात एक मुलगी अडली, बाकीच्यांनी तिला ओढून पुढे नेलं. होडीवालीने तेवढ्यात फडकं सोडलं होतं. “खानार का?”

उत्तर देण्याआधी मी क्षणभर आठवून पाहिलं. मी आता कोणत्याही यादीत नव्हतो.

खाल्लं. मरळ होती. दुसऱ्या दिवशी कळंबला फोन करून तात्यांना तसं कळवलं.